सी ड्राइव्ह कुणी खाल्ला?

आपल्या मंडळाच्या खोलीतला लॅपटॉप ज्यांनी कधी वापरलाय, त्यांना त्याचा स्वभाव वेगळा सांगायला नको. चार्जर काढला की पाऊण तासात मान टाकतो. पण गेल्या नोव्हेंबरात त्याने वेगळंच नाटक केलं. अंकाची मांडणी पूर्ण झाली, पीडीएफ काढायला घेतली, आणि अर्ध्यावर संदेश आला की डिस्कवर जागा नाही. बघितलं तर सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. २३७ जीबीपैकी शिल्लक ४१२ एमबी.

अशा वेळी आपण सगळे जे करतो तेच आमच्या सहसंपादकाने केलं. डेस्कटॉपवर नजर फिरवली आणि जे मोठं दिसलं त्यावर बोट ठेवलं. ‘ओव्या रेकॉर्डिंग’ नावाचा फोल्डर, नऊ जीबी. ‘‘हे कशाला ठेवलंय? कोण ऐकतंय? डिलीट करून सोड की.’’

कोण ऐकतंय, तर मी ऐकते. चार वर्षांपूर्वी मंडळाच्या मुलामुलींनी खानापूर तालुक्यातल्या एका आजींकडे बसून त्यांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. मी तेव्हा कॉलेजात नव्हते. आजी गेल्या पावसाळ्यात वारल्या. माझा या वर्षीचा प्रकल्प त्याच ओव्यांवर आहे, आणि माझ्या माहितीप्रमाणे ते आवाज या एका लॅपटॉपशिवाय कुठेच नव्हते. ते तसे एकाच जागी ठेवणं हा मूर्खपणा होता, ते मला मान्य आहे.

पण भावनेचं सोडा, हिशेबाने बघा. नऊ जीबी उडवले तर महिनाभर चालेल. उरलेले सव्वादोनशे जीबी कशाने भरलेत हे मात्र कळणार नाही, आणि महिन्याने पुन्हा कुणाच्या तरी फोल्डरवर बोट जाईल. म्हणून त्या रात्री सगळं साहित्य पेन ड्राइव्हवर घेऊन अंक माझ्या घरच्या लॅपटॉपवरून काढला, आणि पुढच्या शनिवारी आम्ही दोघं शांतपणे शोधायला बसलो. त्या शनिवारी जे शिकलो ते इथे लिहिते आहे. वाङ्मय मंडळाच्या अंकात हे कशाला, असं वाटेल काहींना. वाटू दे.

सुरुवातीलाच सहसंपादकाने विचारलं, ‘‘डब्यावर २५६ लिहिलंय, आत २३७ च कसे? उरलेले गेले कुठे?’’ कुठेही गेलेले नाहीत. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटांना एक जीबी म्हणतं. २५६ जीबीची डिस्क विंडोजच्या मापाने २३८ च्या आसपास भरते, आणि त्यातला थोडा भाग दुरुस्तीच्या साधनांसाठी बाजूला ठेवलेला असतो. माप वेगळं आहे, एवढंच.

पहिली पायरी अगदी घरगुती. ‘सेटिंग्ज’ उघडा, त्यात ‘सिस्टीम’, त्यात ‘स्टोरेज’. विंडोज स्वतःच जागेची वाटणी दाखवतं. ॲप्स इतके, टेम्पररी फाइल्स इतक्या, चित्रं, व्हिडिओ, कागदपत्रं. आमच्याकडे टेम्पररी फाइल्स बावीस जीबी निघाल्या. त्यावर क्लिक केलं की आतली यादी येते आणि हवं त्यावर खूण करून काढता येतं. इथे घाई मात्र करू नका. त्या यादीत कधी कधी ‘डाउनलोड्स’ हा तुमचा स्वतःचा फोल्डरसुद्धा असतो. परीक्षेचं हॉल तिकीट, फीची पावती, कुणीतरी मेलवर पाठवलेली कविता, सगळं त्यात. सगळ्यावर खूण करून ‘काढा’ म्हटलं तर ते सगळं जाणार.

त्याच यादीत ‘आधीचं विंडोज’ अशी एक ओळ असते. विंडोजची मोठी आवृत्ती बदलली की जुनी आवृत्ती ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरात राहते. नवीन नाही रुचलं तर मागे जाता यावं म्हणून ही सोय. साधारण दहा दिवसांनी ती आपोआप जाते. तोवर भरपूर जागा धरून बसते. नवीन आवृत्ती नीट चालतेय ना, एवढं बघून ती आधीही काढता येते.

बरं, हे सगळं करून आम्हाला अठरा जीबी मिळाले. सहसंपादक म्हणाला, झालं काम, चल चहाला. पण मला एक गोष्ट खटकत होती. मी सी ड्राइव्ह उघडला, लपवलेल्या वस्तूही दाखव असं सांगितलं, सगळं निवडून ‘प्रॉपर्टीज’ पाहिल्या. बेरीज आली १७० जीबी. ड्राइव्ह मात्र म्हणत होता की २१९ भरलेत. मधले एकोणपन्नास जीबी कुठे?

खरा विषय इथे सुरू होतो. आपण फोल्डर निवडून बेरीज पाहतो तेव्हा विंडोज फक्त आपल्याला जे दिसतं आणि जे उघडायची परवानगी आहे तेवढंच मोजतं. बाकीचं गप्प वगळतं. ‘अमुक मोजलं नाही’ असं सांगत नाही. सातबारावर नाव नसलेल्या भावाची जमीन जशी वाटणीत धरत नाहीत, तसं.

या न दिसणाऱ्यांत कोण कोण असतं?

सर्वांत आधी दोन मोठ्या फाइली. एक पेज फाइल. रॅम अपुरी पडली की विंडोज तिथलं काही सामान डिस्कवर उतरवून ठेवतं, ती ही जागा. आमच्याकडे पाच जीबी. तिला हात लावायचा नाही. दुसरी हायबरनेशनची फाइल. लॅपटॉप हायबरनेट करताना रॅममधलं चालू काम जसंच्या तसं ज्यात उतरवलं जातं, ती. हल्लीच्या विंडोजमध्ये तिचा आकार रॅमच्या साधारण चाळीस टक्के असतो. आमची रॅम आठ जीबी, म्हणून फाइल सव्वातीनच्या आसपास. ही बंद करता येते, आणि इंटरनेटवरचे बरेच सल्ले पहिल्यांदा तेच सांगतात. मी नाही केली. बॅटरी पाऊण तास टिकते आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय हायबरनेशन बंद केलं की लॅपटॉप झटकन सुरू व्हायची सोयही जाते. तीन जीबींसाठी एवढं नको.

तिसरे रिस्टोअर पॉइंट. काही बिघडलं तर परवाच्या स्थितीवर जाता यावं म्हणून विंडोज जुन्या नोंदी ठेवतं. त्यांचा फोल्डर साध्या वापरकर्त्यालाच काय, ॲडमिनलाही सहज उघडत नाही. किती जागा घेतली ते ‘सिस्टीम प्रोटेक्शन’च्या खिडकीत दिसतं, आणि तिथेच कमाल मर्यादाही ठरवता येते. आमच्याकडे सात जीबी होते.

चौथी कचऱ्याची टोपली. रिसायकल बिनमध्ये गेलेली फाइल डिस्कवरून गेलेली नसते. तिचा पत्ता बदललेला असतो, जागा तिचीच राहते. हे वाचून हसू नका. त्याच दिवशी सकाळी आमच्या सहसंपादकाने स्नेहसंमेलनाचे पाच जीबीचे व्हिडिओ डिलीट केले आणि ‘‘काही फरकच पडला नाही की’’ म्हणून मशीनला शिव्या घातल्या. टोपली रिकामी केली, फरक पडला. आणि ही टोपली प्रत्येक खात्याची वेगळी असते, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

या उलटही एक गंमत आहे. ‘विंडोज’ फोल्डरात ‘विनएसएक्सएस’ नावाचा फोल्डर असतो. त्याचा आकार पाहून माणूस घाबरतो. पण त्यातल्या बऱ्याच फाइलींची दोन-दोन नावं असतात. फाइल एकच, डिस्कवर एकदाच, नावं दोन ठिकाणी. मोजणारा दोन्हीकडे मोजतो. आमच्याकडे घरात एका काकांना बाप्तिस्म्याच्या नावाने हाक मारतात, गल्लीत वेगळ्याच. शिरगणतीवाला घर सोडून गल्लीत विचारत बसला तर दोन काका लिहून जाईल. त्यामुळे हा हिशेब पैशापैशाने कधी जुळत नाही, आणि जुळवायचा हट्टही धरू नये. तो फोल्डर हाताने साफ करायला मात्र कधीच जाऊ नका. ‘डिस्क क्लीनअप’ उघडून ‘सिस्टीम फाइलीही साफ करा’ म्हटलं की विंडोज त्यातलं निरुपयोगी तेवढंच स्वतः काढतं.

पाच, सव्वातीन, सात. सगळे मिळून जेमतेम पंधरा. एकोणपन्नासातले चौतीस अजून बाकीच.

आता नुसत्या याद्या वाचून भागणार नव्हतं. चित्र पाहिजे होतं. आणि या चित्राचा इतिहास सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

१९९० च्या सुमारास अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठातल्या बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत हाच प्रसंग घडला. एक सामायिक हार्ड डिस्क, ८० एमबीची (जीबी नव्हे), वापरणारे चौदा जण. डिस्क भरली. कुणी भरली कळेना. फोल्डरांची झाडासारखी आकृती काढली तर ती कागदावर मावेना, आणि मावली तरी कुठली फांदी जड आहे ते तिच्यात दिसत नाही. श्नायडरमन यांनी मग झाडच चौकोनात बसवलं. संपूर्ण डिस्क म्हणजे एक मोठा आयत. प्रत्येक फोल्डर म्हणजे त्यातला एक तुकडा, आकाराच्या प्रमाणात लहान-मोठा. फोल्डरातले फोल्डर म्हणजे तुकड्यातले तुकडे. या आकृतीला ट्रीमॅप म्हणतात. आज शेअर बाजाराच्या बातम्यांत, निवडणुकीच्या आकड्यांत असे रंगीत चौकोन दिसतात ना, त्यांचा जन्म असा एका भरलेल्या डिस्कपायी झाला. चौदा जणांत मिळून एक डिस्क, आणि ‘कुणी भरली’ म्हणून एकमेकांकडे बघणं! मला तर ती आपल्याच मंडळाची खोली वाटली.

असं चित्र काढणारी फुकट साधनं आज बरीच आहेत. विनडरस्टॅट हे मुक्त स्रोत असलेलं जुनं, विश्वासू साधन. विझट्री फार वेगवान आहे, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे. साधारण साधन एकेका फोल्डरात शिरून फाइली मोजतं, म्हणजे ग्रंथालयातल्या प्रत्येक कपाटासमोर उभं राहून पुस्तकं मोजण्यासारखं. पण विंडोजच्या डिस्कवर सगळ्या फाइलींची एक मुख्य यादी आधीच असते. विझट्री थेट ती यादी वाचतं. ग्रंथपालाचं रजिस्टर हाती लागल्यावर कपाटं कशाला हिंडायची? मात्र ते व्यक्तिगत वापरासाठीच फुकट आहे, संस्थेने परवाना घ्यायचा असतो. घरच्या लॅपटॉपवर मी ते वापरते. मंडळाच्या लॅपटॉपवर विनडरस्टॅट टाकलं. (लिनक्सवाल्यांना ‘डीयू’ आज्ञा पुरते, युनिक्सच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. मॅकवर सेटिंग्जमध्येच स्टोरेज दिसतं.)

एक महत्त्वाची गोष्ट. हे साधन ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ असं सांगूनच उघडा. नाहीतर तेही आपल्याइतकंच आंधळं. मंडळाचं खातं साधं आहे, म्हणून सरांना फोन करून पासवर्ड मागितला. सर म्हणाले, ‘‘देतो, पण काय काढलंत ते मला लिहून द्या.’’ तेव्हा राग आला होता. आता वाटतं, बरोबर होतं त्यांचं.

चहा होईपर्यंत मोजणी चालली. मग चित्र आलं. ‘ओव्या रेकॉर्डिंग’चा नऊ जीबींचा चौकोन एका कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्याच्या जवळजवळ चौपट चौकोन शेजारी, ‘यूजर्स’ फोल्डरात, आमच्या खात्याचा नसलेला. आमच्या एका माजी संपादक ताईंचं खातं. तीन वर्षांपूर्वी त्या पास होऊन गेल्या, खातं राहिलं. चौतीस जीबी. लॅपटॉप सुरू होताना कोपऱ्यात त्यांचं नाव रोज दिसायचं, आमच्या डोळ्यांना त्याची सवय झाली होती. नंतर कळलं की ‘स्टोरेज’च्या पानावर ‘आणखी वर्ग दाखवा’ दाबलं की ‘इतर लोक’ अशी एक ओळच असते. आम्ही ते दाबलंच नव्हतं.

सहसंपादक खूश. ‘‘खातंच काढून टाक ना! एक क्लिक.’’ खरंच एकच क्लिक आहे. विंडोज विचारतं, खातं आणि त्यातली सगळी माहिती काढायची का. हो म्हटलं की संपलं, आणि ही माहिती कचऱ्याच्या टोपलीतही जात नाही.

पण खातं दुसऱ्याचं. ॲडमिनचा पासवर्ड हातात आहे म्हणून कुणाच्या फोल्डरात शिरणं मला पटलं नाही. चित्रात नुसते आकार आणि नावं दिसतात, तेवढ्यावर थांबून आधी ताईंना फोन लावला. त्या पुण्यात नोकरीला आहेत. ‘‘अगं, ते अजून आहे? उघड, उघड, लाज वाटण्यासारखं काही नाही. फोटो असतील तेवढे मला पाठव.’’

उघडलं. प्रकाशन समारंभाचा एकच व्हिडिओ सात वेळा, एकूण एकवीस जीबी. नावं ‘फायनल’, ‘फायनल दोन’, ‘खरा फायनल’ अशी चढत गेलेली. त्यांच्या टोपलीत सहा जीबी, तीन वर्षं न उपसलेले. तीनेक जीबी फोटो आणि किरकोळ. आणि एका ‘नवीन फोल्डर’मध्ये चार जीबींच्या बारा डब्ल्यूएव्ही फाइली, ज्यांची नावं नुसत्या तारखा होत्या.

पहिली लावली. जात्याची घरघर, मध्येच कोंबडा, आणि आजी. आमच्याकडच्या फोल्डरात त्या दिवसाचं काहीच नव्हतं. एका भेटीचं संपूर्ण रेकॉर्डिंग संपादनासाठी ताईंनी आपल्या खात्यात घेतलं होतं, आणि परीक्षेच्या गडबडीत ते तिथेच राहिलं. डब्ल्यूएव्ही म्हणजे न दाबलेला आवाज. सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग सेकंदाला १,७६,४०० बाइट घेतं, तासाला साधारण ६३५ एमबी. म्हणजे चार जीबींत सहा तासांहून जास्त. सहा तासांच्या ओव्या आम्ही एका क्लिकवर घालवणार होतो. सहसंपादक काही बोलला नाही, नुसता आवाज वाढवला.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, पण तेही सांगते. सात व्हिडिओंतला खरोखरचा शेवटचा कुठला हे ताईंनी सांगितलं, तो ठेवला, सहा काढले, दोन्ही टोपल्या रिकाम्या केल्या. रेकॉर्डिंग एमपी३ मध्ये बदलून जागा वाचवावी का, असा विचार आला होता. १२८ चा एमपी३ तासाला ५८ एमबीच घेतो, अकरापट लहान. पण त्यात आवाजातलं काही कायमचं टाकून दिलेलं असतं, आणि उद्या कुणी या ओव्यांचे उच्चार अभ्यासायला घेतले तर नेमकं तेच लागेल. म्हणून फ्लॅक केलं. ते आवाज न गमावता दाबतं. मूळ आणि फ्लॅक दोन्ही एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवलं, आणि फ्लॅकची आणखी एक प्रत गूगल ड्राइव्हवर. तिथे फुकट १५ जीबी मिळतात, पण त्यात मेल आणि फोटोही धरलेले असतात, हे लक्षात घ्या.

ढगात ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. लॅपटॉपवर वनड्राइव्हचा फोल्डर चालू असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून ‘जागा मोकळी करा’ म्हणणं आणि ‘डिलीट’ म्हणणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात फाइल ढगात राहते, लॅपटॉपवर नुसतं नाव उरतं. दुसऱ्यात ती दोन्हीकडून जाते. अशा फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘आकार’ आणि ‘डिस्कवरचा आकार’ असे दोन आकडे दिसतील. डिस्कवरचा शून्य असेल तर ती काढून तुमच्याकडे काहीच जागा होणार नाही.

जाता जाता आपल्या खात्याचं. सगळी सफाई झाल्यावर उत्सुकतेने मी मंडळाच्या लेखनाचा हिशेब काढला. युनिकोडात साठवताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बहुधा तीन बाइट घेतं, रोमन अक्षर एक. ‘कविता’ या शब्दात क, व, वेलांटी, त, काना अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. या हिशेबाने साठ पानांच्या अंकाचा नुसता मजकूर तीन-साडेतीनशे केबीच्या पुढे जात नाही. आजवरचे आपले सगळे अंक, चित्रं सोडून, चार एमबीत मावतात. ‘फायनल दोन’ एकटा तीन जीबींचा होता.

सरांना यादी लिहून दिली. आता लॅपटॉपवर सत्तर जीबींच्या वर मोकळे आहेत, ताईंचं खातं त्यांच्या संमतीने काढलंय, आणि बारा फाइलींतल्या चार मी उतरवून घेतल्यात. पाचवीत आजी मध्येच थांबून कुणाला तरी कानडीत ओरडतात आणि मग ओवी जिथे सोडली तिथूनच पुढे धरतात. तिथले दोन शब्द मला अजून लागलेले नाहीत. खानापूरकडचं कुणी वाचत असेल तर शनिवारी मंडळाच्या खोलीत या, ऐकवते.